लिलीचा कांदा आणि हुमणीचा भुंगेरा

सृष्टिशास्त्राच्या अभ्यासांत तुलना हें एक फार उपयुक्त साधन आहे. एखादी वस्तु एकटीच पाहिली म्हणजे तिचे पुष्कळसे गुण नजरेंतून निसटून जातात. परंतु तिच्या शेजारीं दुसरी वस्तु ठेवली कीं, दोहोंचे विशेष आपोआप उठून दिसूं लागतात. गुलाबाची तुलना जास्वंदीशीं आणि चिमणीची कावळ्याशीं आमच्या विद्यार्थ्यांनीं वर्गांत अनेकदां केली आहे. ह्या लेखांत आम्हीं अगदीं निराळी जोडी निवडली आहे. तिच्यांतील एक वनस्पति आहे व दुसरा कीटक आहे. एक बागेचें भूषण आहे, तर दुसऱ्याचें नुसतें नांव काढलें तरी शेतकऱ्याच्या कपाळास आठी पडते. पहिली म्हणजे पावसाळी लिली व दुसरा म्हणजे हुमणीचा भुंगेरा.

हीं दोघें एकाच प्रकारच्या मातींत, कित्येकदां एकमेकांपासून हातभर अंतरावर, सबंध उन्हाळा निजून काढतात. वळवाची किंवा मृगाची पहिली मोठी सर येऊन गेली कीं, दोघांनाही जाग येते. चार-पांच दिवसांत लिलीच्या वाफ्यांत गुलाबी फुलें डोलूं लागतात. आणि त्याच सुमारास संध्याकाळीं बांधावरच्या कडुलिंबाभोंवतीं तपकिरी भुंगेऱ्यांचा घूं घूं आवाज ऐकूं येतो. हें पाहून पुष्कळांचा असा समज होतो कीं, पावसानें फुलें केलीं व पावसानेंच किडे केले. "पाऊस पडला कीं किडे होतात," हें वाक्य आपण घरोघरीं ऐकतों. तें कितपत खरें आहे, ह्याचा विचार ह्या तुलनेच्या आधारानें करावा, असा आमचा हेतु आहे.

नांवें व कुळें

पावसाळी लिलीच्या कुळाचें शास्त्रीय नांव झेफिरँथिस असें आहे. ग्रीक भाषेंत झेफिरस म्हणजे पश्चिमेचा वारा व अँथॉस म्हणजे फूल. हिचें मूळ घर अमेरिका खंडांत असून, आपल्याकडे बागांतून नेहमीं दिसणारी मोठ्या गुलाबी फुलांची जाति मेक्सिको व मध्य अमेरिका ह्या प्रदेशांतील आहे. परंतु आपल्या पावसाशीं तिचें असें कांहीं जमलें आहे कीं, ती परदेशी आहे हें कोणाच्या ध्यानींमनींही येत नाहीं.

ह्या कुळास हें नांव विल्यम हर्बर्ट ह्या इंग्रज धर्मोपदेशकानें १८२१ सालीं दिलें. हर्बर्ट हे पुढें १८४० मध्यें मँचेस्टर येथील मंडळीचे डीन झाले. देवालयांतील सेवा व कांद्याच्या वनस्पतींचा अभ्यास हीं दोन्ही कामें त्यांनीं जोडीनें केलीं आणि १८३७ मध्यें ह्या वर्गावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनींच क्रायनम नांवाच्या कांदेवाल्या लिलीच्या एका जातीस डॉ. विल्यम केरी ह्यांचें नांव दिलेलें आहे. हे केरी म्हणजे बंगालमधील श्रीरामपूर येथील मिशनरी. १८०५ मध्यें मराठी भाषेचें व्याकरण व १८१० मध्यें मराठीचा कोश छापून त्यांनीं आपल्या भाषेची जी सेवा केली, ती सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते मोठे वनस्पतिप्रेमी होते व श्रीरामपूर येथें त्यांनीं नामांकित बाग केली होती, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

आतां भुंगेऱ्याकडे वळूं. ज्यांचे पुढचे दोन पंख कठीण होऊन ढालीप्रमाणें पाठ झांकतात, अशा कीटकांस ढालपंखी म्हणतात. त्यांच्या आजवर नोंदलेल्या जाति साडेतीन ते चार लाखांच्या घरांत आहेत. प्राण्यांच्या दुसऱ्या कोणत्याही गणांत इतक्या जाति नाहींत. हुमणी हें नांव वस्तुतः भुंगेऱ्याचें नसून त्याच्या अळीचें आहे. महाराष्ट्रांत हुमणीच्या अनेक जाति आहेत. त्यांपैकीं नदीकांठच्या जमिनींतील एक व माळरानाच्या हलक्या जमिनींतील दुसरी, अशा दोन शेतकऱ्यांच्या विशेष परिचयाच्या आहेत. ह्या लेखांत आम्हीं माळावरच्या हुमणीसंबंधींच लिहीत आहों. तिचें शास्त्रीय नांव होलोट्रिकिया सेराटा. लिनियस ह्या थोर सृष्टिशास्त्रज्ञाचा शिष्य फॅब्रिशियस ह्यानें १७८१ सालीं तिचें प्रथम वर्णन केलें.

कांद्याचें वर्ष

लिलीचा कांदा कापून पाहण्यापूर्वीं स्वयंपाकघरांतील एक साधा कांदा घ्यावा व तो वरपासून खालपर्यंत उभा चिरावा. कारण दोहोंची रचना सारखीच असते. अगदीं तळाशीं एक लहानशी कठीण चकती दिसेल. ती चकती म्हणजेच ह्या वनस्पतीचें खरें खोड होय. तिच्या खालून मुळें फुटतात व वरून एकावर एक अशीं रसाळ पापुद्र्यांचीं वेष्टणें निघतात. हीं वेष्टणें म्हणजे पानांचे फुगलेले तळ होत. सर्वांच्या मध्यभागीं, आईच्या पदराआड मूल असावें त्याप्रमाणें, कोंवळा अंकुर असतो. बाहेरची तांबूस, कोरडी साल पाहून पुष्कळ मुलांस वाटतें कीं, ती पहिल्यापासून तशीच असावी. तसें नाहीं. तीही एके काळीं रसाळ होती. आपला सांठा आंतल्यांस देऊन ती आतां कागदासारखी पातळ झाली आहे आणि तशा स्थितींतही आंतील ओलाव्याचें रक्षण करीत आहे.

पावसाळ्यांत लिलीचीं अरुंद, गवतासारखीं पानें हिरवीं असतात. तीं सूर्याच्या प्रकाशाच्या साहाय्यानें हवेंतील कर्बवायु व मुळांनीं आणलेलें पाणी ह्यांपासून अन्न तयार करतात. त्या वेळेस लागेल तेवढें खर्च करून उरलेलें अन्न खालीं कांद्यांत सांठविलें जातें. पुढें पाणी तुटलें कीं पानें सुकतात व वाफा ओसाड दिसूं लागतो. नवखा माळी अशा वेळीं रोपें मेलीं असें समजून जागा खणून टाकतो! परंतु मातीखालीं कांदा जिवंत असतो. पुढच्या फुलाची कळीही आंतल्या आंत फार आधीं घडूं लागलेली असते. पहिला भरपूर पाऊस होतांच मुळें पाणी ओढतात, आधींच घडलेल्या पेशी फुगून लांबतात, पोकळ दांडा झपाट्यानें वर येतो व त्याच्या टोंकावर एक एकच फूल उमलतें. पावसानंतर इतक्या अल्पावधींत सबंध फूल नव्यानें तयार करणें कोणत्याही वनस्पतीस साधणारें नव्हे. तें तयार होतें, म्हणूनच उमललें.

भुंगेऱ्याचें वर्ष

हुमणीचा भुंगेरा तांबूस तपकिरी रंगाचा व पाऊण इंचाच्या आसपास लांब असतो. पहिल्या पावसानें जमीन भिजून मऊ झाली म्हणजे दिवस मावळतांना तो मातींतून बाहेर पडतो आणि कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जाऊन बसतो. तेथें नर-माद्यांचें मीलन होतें व रात्रभर पानें खाणें चालतें. पहांट होण्यापूर्वीं सारे भुंगेरे पुन्हां मातींत शिरतात. त्यामुळें दिवसा झाडावर कुरतडलेलीं पानें तेवढीं दिसतात, चोर दिसत नाहीं. कांहीं दिवसांनीं मादी मातींत अंडीं घालते. तीं पांढरीं, साबुदाण्याच्या दाण्यासारखीं असतात व दहा ते पंधरा दिवसांत उबतात.

अंड्यांतून निघालेली अळी प्रथम कुजलेला पालापाचोळा व बारीक मुळें खाते. ती वाढते, पण तिची कातडी तिच्याबरोबर वाढत नाहीं; म्हणून ती दोनदां कात टाकते. तिसऱ्या अवस्थेंतील हुमणी दीड इंचापर्यंत लांब, पांढुरकी, जाड व इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वांकडी असते. तिचें डोकें तपकिरी व जबडे मजबूत असतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास ऊस, भुईमूग, ज्वारी, मिरची इत्यादि पिकांचीं मुळें हीच अळी खाऊन टाकते. वरून पाहणाऱ्यास रोप नुसतें पिवळें पडलेलें दिसतें. पाणी कमी पडलें असेल असें वाटून शेतकरी आणखी पाणी देतो. आणि शेवटीं रोप हातानें ओढलें म्हणजे तें जराही विरोध न करतां उपटून येतें, कारण खालीं मुळेंच उरलेलीं नसतात.

पावसाळा संपल्यावर पोट भरलेली हुमणी खोल जाते, मातीची एक गुळगुळीत कोठडी करते व तिच्यांत कोष होते. कोषाच्या आंत अळीचें शरीर बहुतेक सारें मोडून नवें बांधलें जातें. जेथें नुसता गुबगुबीत देह होता, तेथें पंख येतात, लांब पाय येतात, मोठे डोळे येतात. हें काम हिवाळ्याच्या आसपास पूर्ण होतें. म्हणजे भुंगेरा त्याच वेळीं तयार होतो. परंतु तो बाहेर येत नाहीं. पंख असूनही उडत नाहीं, जबडे असूनही खात नाहीं. उन्हाळाभर तो त्या अंधाऱ्या कोठडींत स्वस्थ पडून राहतो आणि पाऊस आला म्हणजेच निघतो.

खरें साम्य व खोटें साम्य

आतां दोघांची तुलना करूं. प्रथम एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. लिलीच्या फुलास सहा पाकळ्या व सहा पुंकेसर असतात. भुंगेऱ्यास सहा पाय असतात. लिलीच्या बीजकोशाचे तीन कप्पे असतात. भुंगेऱ्याच्या शरीराचे डोकें, छाती व पोट असे तीन भाग असतात. उतावळा विद्यार्थी लगेच म्हणेल, "पाहा, केवढें हें साम्य!" परंतु हें साम्य केवळ आंकड्यांचें आहे. पाकळी पायाचें काम करीत नाहीं व पाय पाकळीसारखा वाढत नाहीं. लिलीच्या ज्ञातींतील असंख्य वनस्पतींत तिनाचा हिशेब चालतो व सर्व कीटकांत सहा पायांचा हिशेब चालतो. ह्या दोन हिशेबांचा एकमेकांशीं कांहींएक संबंध नाहीं. आंकडे जुळले म्हणून कारणेंही जुळलीं असें मानणें ही विचारांतील मोठी चूक आहे. ती शास्त्रांत होते, तशी व्यवहारांतही होते.

खरें साम्य निराळें आहे, व तें तीन प्रकारचें आहे. पहिलें, दोघेंही कठीण काळ जमिनीच्या पोटांत काढतात व तेथें आपण होऊन जातात. जमीन वरून वाळत चालली कीं हुमणी खालीं खालीं सरकते. कांदा हालचाल करूं शकत नाहीं असें आपणांस वाटतें; पण कांदेवर्गातील पुष्कळ वनस्पतींचीं कांहीं मुळें आंखडतात आणि कांद्यास हळूहळू खालीं ओढून योग्य खोलीवर नेतात. दुसरें, दोघेंही सुकाळांत सांठा करतात व दुष्काळांत त्यावर जगतात. तिसरें साम्य सर्वांत महत्त्वाचें आहे. तें असें कीं, पाऊस येण्यापूर्वींच दोघांचें मुख्य काम झालेलें असतें. कळी कांद्यांत तयार असते, भुंगेरा कोठडींत तयार असतो. पाऊस फक्त दार उघडतो.

म्हणून "पाऊस पडला कीं किडे होतात" हें वाक्य आपण दुरुस्त केलें पाहिजे. पाऊस पडला कीं किडे निघतात. शब्द एकच बदलला, पण त्यामागें मोठा इतिहास आहे. कुजक्या मांसांत किडे आपोआप उत्पन्न होतात, असें युरोपांतील विद्वानही शेंकडों वर्षें मानीत. १६६८ सालीं फ्रांचेस्को रेडी ह्या इटालियन वैद्यानें कांहीं मांसाचे तुकडे उघडे ठेवले व कांहीं झांकून ठेवले. ज्यांवर माशा बसूं शकल्या, त्यांतच अळ्या झाल्या. जीव जीवापासूनच येतो, हें त्यानें त्या बाबतींत दाखवून दिलें. आमच्या विद्यार्थ्यांनींही ऐकीव वाक्य तसेंच न स्वीकारतां पाहून ठरविण्याची संवय लावून घ्यावी.

भेद

साम्यें पाहिलीं, आतां भेद पाहूं. पहिला भेद अन्नाचा. लिली आपलें अन्न स्वतः तयार करते. तिचा सांठा हा तिच्या पानांच्या श्रमाचा सांठा आहे. हुमणीस प्रकाशापासून अन्न करतां येत नाहीं. तिला दुसऱ्याच्या श्रमावरच जगावें लागतें, व तिचा सांठा म्हणजे कोणाच्या तरी मुळांचें रूपांतर आहे. मात्र एवढ्यावरून भुंगेऱ्यास दोष देण्याची घाई करूं नये. गाय, शेळी, माणूस हेही ह्या बाबतींत हुमणीच्याच रांगेंत बसतात. सजीव सृष्टींतील जवळजवळ सर्व प्राण्यांचा पोशिंदा शेवटीं हिरवें पान हाच आहे.

दुसरा भेद वाढीचा. कांदा आंतून वाढतो व बाहेरचीं वेष्टणें एक एक करून झिजवितो. त्याच्या जीवनांत एकदम होणारा बदल नाहीं. कीटकास मात्र जुनें कवच एकदम टाकावें लागतें, आणि शेवटीं तर सारा देहच नवा करावा लागतो. तिसरा भेद संततीचा. कांद्याच्या कुशीस लहान पिलें फुटतात. तीं सुटीं करून लावलीं कीं प्रत्येकाची नवी लिली होते. तीं सर्व मूळ कांद्याचींच प्रतिरूपें असतात, आणि मूळ कांदाही वर्षानुवर्षें जगतो. भुंगेऱ्याचें तसें नाहीं. नर व मादी ह्यांच्या मीलनावांचून त्याचा वंश चालत नाहीं, आणि अंडीं घालून झालीं कीं त्याचा शेवट जवळ येतो. त्याला एकच पावसाळी ऋतु मोकळ्या हवेचा मिळतो.

चवथा भेद संरक्षणाचा. लिलीच्या कांद्यांत विषारी द्रव्य असतें. त्यामुळें गुरेंढोरें सहसा त्यास तोंड लावीत नाहींत. हा कांदा भाजीच्या कांद्यासारखा दिसत असला तरी तो चुकूनही चाखूं नये व हाताळल्यावर हात धुवावे. भुंगेऱ्याजवळ असलें विष नाहीं. खोली, काळोख व कठीण पाठ हींच त्याचीं शस्त्रें.

एकदां आठवीच्या वर्गांत एका शेतकऱ्याच्या मुलानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, लिली देवानें केली हें समजतें, पण हुमणी कशाला केली?" त्याच वर्षीं त्याच्या घरचा भुईमूग ह्या किडीनें बुडाला होता, म्हणून प्रश्न पोरकट समजून टाळण्यासारखा नव्हता. देवाच्या सर्व योजना आम्हांस कळतात असा आमचा दावा नाहीं. परंतु जें डोळ्यांनीं दिसतें तें सांगतां येतें. उघड्या माळावर हुमणी गवताचीं मुळें व कुजका पाला खाते, माती भुसभुशीत करते आणि कावळे, मैना, बगळे ह्यांचें अन्न होते. तेथें मुळें विरळ, खाणारे पक्षी पुष्कळ. म्हणून तिची संख्या मर्यादेंत राहते. आपण त्याच जमिनीवर दाट पीक लावतों, व तेंच पीक पुन्हां पुन्हां घेतों, म्हणजे तिच्यापुढें भरलेलें ताट मांडतों. ती वैरानें येत नाहीं. भूक लागली म्हणून येते. मात्र तिची भूक खरी आहे, तशी त्या मुलाच्या घरची भूकही खरी आहे. आणि ज्याला बुद्धि दिली आहे त्यानें आपल्या शेताचें रक्षण करणें हें त्याचें कर्तव्यच आहे.

पालकांसाठीं कांहीं

येथेंच ह्या तुलनेचा व्यवहारी उपयोग आहे. हुमणीचें वर्ष ज्यानें समजून घेतलें, त्याच्या लक्षांत येईल कीं, सबंध वर्षांत ती माणसाच्या हातीं सहज सांपडते अशी वेळ एकच आहे: पहिल्या पावसानंतरच्या कांहीं संध्याकाळा. त्या वेळीं भुंगेरे झाडांवर गोळा होतात व माद्यांनीं अजून अंडीं घातलेलीं नसतात. दिवेलागणीनंतर बॅटरी घेऊन कडुलिंबाच्या व बाभळीच्या फांद्या आंकडीच्या काठीनें हलवाव्या, खालीं पडलेले भुंगेरे वेंचावे व थोडें रॉकेल घातलेल्या पाण्यांत टाकावे. रॉकेलचें काम मोठ्यांनींच करावें. मुलांनीं वेंचण्यास मदत करावी.

ह्यांत किती लाभ आहे तें अंकगणितानें पाहूं. समजा, एका झाडाखालीं १०० भुंगेरे वेंचले व त्यांत निम्म्या माद्या होत्या. प्रत्येक मादीनें २० अंडीं घातलीं असतीं असें धरलें, तरी ५० गुणिले २० म्हणजे १,००० हुमणी शेतांत उतरण्यापूर्वींच थांबल्या. ह्याच १,००० हुमणी भाद्रपदांत मुळांशीं शोधावयाच्या म्हटलें तर तें किती कठीण, हें कोणासही समजेल. परंतु एकट्या घरानें वेंचून भागत नाहीं; भुंगेऱ्यास पंख आहेत व त्यास बांध ओळखूं येत नाहींत. सगळ्या गांवानें मिळून, त्याच दिवसांत, एकामागून एक वर्षें हें काम केलें पाहिजे. त्याशिवाय पीक निघाल्यावर खोल नांगरट करावी. त्यानें अळ्या व कोष उघडे पडतात व नांगरामागें फिरणारे पक्षी ते टिपतात. पिकांची फेरपालट करावी, न कुजलेलें शेणखत शेतांत घालूं नये. मेटारायझियम नांवाची एक बुरशी हुमणीस रोग उत्पन्न करते; तिचाही उपयोग आतां केला जातो. त्याविषयीं कृषि खात्याच्या जाणत्या मनुष्याचा सल्ला घ्यावा.

स्वतः पाहण्यासारखें

विद्यार्थ्यांनीं येत्या उन्हाळ्यांत पुढील गोष्टी करून पाहाव्या व वहींत तारीखवार नोंद ठेवावी. (१) दोन कुंड्यांत लिलीचे सारख्या आकाराचे कांदे लावावे. एका कुंडीस उन्हाळाभर रोज पाणी द्यावें. दुसरी कोरडी ठेवावी. पहिल्या पावसांत दोन्ही बाहेर ठेवून कोणत्या कुंडींत किती फुलें किती दिवसांनीं येतात तें मोजावें. (२) पहिला मोठा पाऊस कोणत्या दिवशीं झाला व घराजवळच्या कडुलिंबावर पहिला भुंगेरा कोणत्या संध्याकाळीं दिसला, तें लिहावें. (३) एक भुंगेरा बाटलींत धरून त्याचे कठीण पंख व त्यांखालीं घडी घातलेले पातळ पंख ह्यांचें चित्र काढावें. अशी नोंद तीन-चार वर्षें ठेवली तर ती तुमच्या वडिलांस कोणत्याही पंचांगाइतकी उपयोगी पडेल.

प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत आपल्या शिष्यांस रानांतील भूकमळांकडे लक्ष देण्यास सांगितलें, आणि शलमोन राजाच्या वैभवापेक्षां त्यांची शोभा अधिक आहे असें दाखविलें. लक्ष देणें ह्याचा अर्थ वरवर पाहणें नव्हे. ज्यानें फूल पाहिलें पण त्याखालचा कांदा पाहिला नाहीं, त्यानें अर्धेंच पाहिलें; ज्यानें पिवळें पडलेलें रोप पाहिलें पण मुळाशीं उकरून पाहिलें नाहीं, त्यानेंही अर्धेंच पाहिलें. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो. तो ज्याच्या त्याच्या पोटांत जें सांठलें असेल तेंच बाहेर काढतो. कोठें फूल निघतें, कोठें भुंगेरा निघतो. परीक्षेचा दिवस, संकटाचा दिवस, मोठ्या जबाबदारीचा दिवस हेही असेच पावसासारखे असतात. ते आपल्यांत नवें कांहीं घालीत नाहींत. तेव्हां शाळेचीं हीं वर्षें, जेव्हां वरून कोणास फारसें कांहीं दिसत नाहीं, तींच आंत काय सांठवावयाचें हें ठरविण्याचीं वर्षें होत, एवढें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.